ओरिजिनल हेड

“बंद कर ते!” आई आतून ओरडली. “ही नव्हे. ही कुठलीतरी भलतीच गाडी आहे.”

थोरल्याने इंजिन बंद केलं. सकाळपासून किका मारून त्याचा पाय भरून आला होता आणि आत्ता कुठे गाडी सुरू झाली होती. गाडी भलती नव्हती, त्याची स्वतःचीच होती. फक्त तिचं हेड, म्हणजे इंजिनावर बसणारं पात्यापात्यांचं डोकं, तडकलं होतं. त्याने नंतरच्या मॉडेलचं बसवून पाहिलं होतं. ते बसतं झकास, पण ठोका बदलतो. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. आईची नजर गेली होती, पण शेजाऱ्यांची कुजबुज भिंतीपलीकडून टिपावी असे तिचे कान शाबूत होते.

वडिलांनी दोन्ही मुलांना सारख्याच दोन मोटारसायकली घेऊन दिल्या होत्या. रंग एक, आवाज एक. धाकट्याने महिन्याच्या आत आपली गाडी पाडली आणि तिच्या हेडची एक पाती कोपऱ्यावर तुटली. गाडी पुसायची हौस आईला. दर वेळी तिचं बोट तिथेच कापायचं.

मग एका संध्याकाळी भावाभावांत कडाक्याचं भांडण झालं आणि धाकटा गाडीवर बसून गेला तो गेलाच. पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला. ना तो सापडला, ना गाडी.

आता आईचं काही खरं नव्हतं. तिचा एकच धोशा होता. तो आवाज एकदा कानावर पडू दे, मग मी सुटले.

“सांग ना रे, कसा गेला,” रोज संध्याकाळी ती विचारायची.

“किती वेळा सांगू? मोठ्या रस्त्यापर्यंत मी मागे गेलो. हाका मारल्या. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

“तू मनापासून मारली नसशील हाक. लहानपणी खाणीत पोहायला जायचात, तेव्हाही तू काठावर बसून असायचास. तो बुडी मारून तळ शोधायचा. त्यालासुद्धा सापडला नाही कधी.” मग चहात साखर कमी आहे म्हणावं इतक्या सहज ती पुढचं वाक्य टाकायची. “जायचा तो राहिला आणि राहायचा तो गेला.”

थोरला ते गिळायचा. तिचं उठवणं, बसवणं, भरवणं सगळं तोच करायचा. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, नळ नावाला उरला होता. तो स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायचा आणि तिच्या आंघोळीसाठी बादली राखून ठेवायचा. असा मुलगा आजकाल मिळत नाही, असं शेजारीपाजारी म्हणत. आई तेवढं कधी म्हणाली नाही.

दुपारी तो भंगारवाल्याकडे गेला. त्याला सगळे चुंबक म्हणायचे, कारण चार गावांतलं लोखंड आपोआप त्याच्याकडे येऊन चिकटायचं. त्याच्या दुकानाची रीत ठरलेली. आलेला माल घासूनपुसून लख्ख करायचा आणि कुठून आला ते बायकोलाही सांगायचं नाही.

चुंबकने एकामागून एक हेडं पुढे ठेवली. थोरल्याने पात्या मोजल्या, माप लावलं, सगळी बाजूला सारली.

“दादा, हेड बघताय की सून?” चुंबक वैतागला. “हे घ्या. नवंकोरं आहे.”

“डुप्लिकेट आहे. तिला लगेच कळेल. ओरिजिनलच हवं, त्याच सालातलं.”

“त्या सालातल्या इथे दोनच गाड्या होत्या. दोन्ही तुमच्या घरच्या.”

“मग लांबून मागव. पण दुसरं काही आणलंस तर परत पाठवीन.”

चुंबकने मनावर घेतलं. ज्याच्या त्याच्या कानावर घातलं. पुष्कळ दिवसांनी तो स्वतःच घरी आला, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन.

“आता नाही म्हणून दाखवा!”

थोरल्याने खालच्या बाजूने माप लावलं. तंतोतंत. छापाचा नंबरही त्याच सालाचा. कित्येक वर्षांत तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

“आई, मिळालं! उद्या ऐकशील बघ आवाज.”

“इकडे आण. हात लावू दे.”

त्याने ते तिच्या मांडीवर ठेवलं. ती एकेक पाती चाचपत गेली. कोपऱ्यावर येताच तिने हात झटकन मागे घेतला. बोटातून रक्त आलं होतं.

तिने तेच बोट पुन्हा त्या कोपऱ्यावरून फिरवलं. मग रडतारडता हसायलाच लागली.

“अरे, हे त्याचं आहे! माझ्या बाळाच्या गाडीचं!” तिने हवेत हात पसरून चुंबकचा सदरा पकडला. “कुठे मिळालं रे तुला? गाडी विकली का त्याने? अडचणीत असेल तो. इथेच जवळपास असेल. मी पाया पडते तुझ्या, सांग!”

“आजी, माल कुठला ते आम्ही सांगत नाही,” चुंबक ओशाळून म्हणाला. “धंद्याची रीत आहे.”

“दादाला तरी सांग. तो जाईल, घेऊन येईल त्याला. जाशील ना रे?”

थोरल्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो त्या तुटक्या पातीकडे पाहत होता. चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. त्याने चुंबकचा दंड धरला, त्याला जवळ ओढलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“खाणीतलं पाणी एवढं आटलं?”