स्थिर हात

डॉ. क्वाननी टॅबलेटवर बोट फिरवून विद्युतप्रवाह किंचित वाढवला आणि रॉय हकालाचा उजवा हात थांबला. कंपवाताने कित्येक वर्षं लटलटणारा हात. मेंदूत बसवलेल्या तारा आणि छातीत कातडीखालची बॅटरी, ही यंत्रणा अमेरिकेतल्या डुलुथच्या या संशोधन केंद्रात आज पहिल्यांदाच चालू केली होती.

रॉयने हात डोळ्यांपुढे धरला. मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. "बघ, व्हर्ना," तो हसत म्हणाला.

त्याच्या बायकोने बघितलं. मग चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांना वाटलं, बाईचे डोळे भरून आले.

रॉयने काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला उचलला.

"सावकाश, रॉय. सांडेल." सवयीने तिच्या तोंडातून गेलं.

त्याने घोट घेतला, पेला एक थेंबही न सांडता टेबलावर ठेवला आणि त्याच हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. खुर्चीसकट ती मागे कोसळली. ती उठायच्या आत त्याने केस धरून तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं, आणि पुन्हा आपटलं. "मला शिकवतेस? चमच्याने भरवलंस म्हणून मला शिकवतेस?" दोन दांडगे परिचारक धावत आले, तेव्हा कुठे तिचं डोकं सुटलं. त्याच्या मुठीत पांढऱ्या केसांचा झुबका तसाच राहिला होता.

व्हर्ना कपाटाला धरून उठली आणि उलटी पडलेली खुर्ची सरळ करून तिच्यावर बसली.

"हा प्रवाहाचा परिणाम आहे," डॉ. क्वान कशाबशा म्हणाल्या. "कमी करते."

"खबरदार." परिचारकांनी दाबून धरलेला रॉय धापा टाकत होता. "तुमच्या मशीनचा काय संबंध? मी पहिल्यापासून असाच आहे. हिला विचारा की."

डॉक्टर थबकल्या. या संशोधनाचा नियम सरळ होता. राग नव्याने आला असेल तर प्रवाह उतरवायचा. जुना स्वभाव असेल तर पेशंटच्या मर्जीविरुद्ध प्रवाहाला हात लावायचा नाही. आणि जुनं कुठलं, नवं कुठलं, ते घरच्या माणसाने सांगायचं.

"मिसेस हकाला, हे पूर्वी कधी असे वागले होते?"

"सांग ना," रॉयचा आवाज एकदम मऊ झाला. "खरं काय ते सांग. आयुष्यात एकदा तरी माझी बाजू घे."

व्हर्नाने जिभेने हललेला दात चाचपला. बाहीने रक्त पुसलं आणि त्याच्याकडे न बघता बोलली.

"एवढा संसार झाला, पण याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, डॉक्टर. देवमाणूस आहे. हे तुमच्या मशीनचंच काम."

"खोटारडी," रॉय किंचाळला.

डॉ. क्वाननी टॅबलेट उचलला. "हात परत थरथरायला लागेल. किती कमी करू?"

"तुम्ही कमी करत राहा," व्हर्ना म्हणाली. "पुरे झालं की मी सांगते."