घरचा डबा

तिकिटावर दोन नावं होती. मालतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सोलापूर ते बंगळुरू. वर मालती, खाली नंदकुमार. त्यांनी मुलाला, ओजसला, एकच तिकीट काढायला सांगितलं होतं, आणि तेही नवऱ्यापासून, या नंदकुमारांपासून, थोडे दिवस लांब राहता यावं म्हणून.

तिकीट डब्यातून आलं होतं. डबा म्हणजे ओजसने गेल्या सुट्टीत लॅपटॉपवर घालून दिलेलं इवलंसं ॲप. स्क्रीनच्या कोपऱ्यात डब्याचं चित्र. त्यात फोटो टाका, कागद टाका, नाहीतर आपला आवाज भरून टाका, क्षणात पोचतो. तसंच ॲप त्याने हॉलमधल्या बाबांच्या कॉम्प्युटरवरही घातलं होतं. ते कसं चालतं हे तो दोघांना नीट समजावून सांगत होता, पण मालतीबाई तेव्हा शेंगाची चटणी कुटत होत्या. डब्यात टाकलं की ओजसला मिळतं, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं.

आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. फोन केला की ओजस मीटिंगमध्ये असे. डबा मात्र कधीही ऐकून घेई. जन्मभर वर्गापुढे बोललेल्या बाईंना निवृत्तीनंतर श्रोता उरला नव्हता. नंदकुमार जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि बोलण्यातूनही झाले, असं त्या म्हणत. काही विचारलं तर 'हूं'. कशालाही 'हूं'. भाजी काय करू विचारलं, तरी 'हूं'.

मग त्या लॅपटॉप उघडून बसत. ओजस, ऐक, तुझे बाबा ओला टॉवेल पलंगावरच टाकतात. ओजस, ऐक, टीव्ही इतका मोठा लावतात की पार कुंभारी गावापर्यंत बातम्या कळाव्यात. ओजस, ऐक, इतकी वर्षं चहा पिताहेत, पण चहा छान झालाय असं एकदा म्हणाले असतील तर शपथ.

नवल म्हणजे गुण येऊ लागला. टॉवेल दोरीवर दिसू लागला. टीव्ही बंद झाला आणि नंदकुमार हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसू लागले. एकदा तर त्यांनी पहिल्याच घोटाला चहाची तारीफ केली. तो चहा नेमका कामाला येणाऱ्या शरणम्माने केला होता, हा भाग वेगळा. शरणम्माने भांडी घासता घासता विचारलं,

"बाई, साहेबांना काय झालंय ओ? लई गोड वागायलेत की."

मालतीबाई नुसत्या हसल्या. पोराने बापाचे कान उपटलेले दिसताहेत, हे त्यांनी मनातच ठेवलं. मात्र त्या दिवशी डब्यात दोन तक्रारी जास्त गेल्या.

बिनसलं ते कंबर तलावावर. आपल्याला हे कुठं फिरायला नेत नाहीत, अशी तक्रार गेली आणि पुढच्याच रविवारी नंदकुमार बूट घालून दारात उभे राहिले. मालतीबाई ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता. त्या बोलत राहिल्या. ओजसच्या लग्नाचं बोलल्या, आपल्या गुडघ्याचं बोलल्या. शेवटी, पुढं आपल्या दोघांपैकी एकटं कोण राहील याची कधीकधी भीती वाटते, हेही बोलून गेल्या. कुणाला सांगितलं नव्हतं ते. नंदकुमार पाण्याकडे बघत म्हणाले, "हूं. यंदा पाणी बरं आहे."

घरी येऊन त्यांनी साडीही न बदलता डब्यात आवाज भरला. ओजस, ऐक, भिंतीशी संसार होत नाही. मी तुझ्याकडे येते. माझं एक तिकीट काढ.

आणि आता ही दोन नावं. त्यांनी चिडून ओजसला फोन लावला. आज तो नेमका मोकळा होता.

"कसलं तिकीट, आई? मी काही काढलं नाही."

मग त्या रोज पाठवत होत्या त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. ओजस ओशाळला. दिवाळीनंतर ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, त्यात असलं काही घालू देत नाहीत, म्हणाला. सांगायचं राहून गेलं. पण डबा तिघांचा होता, त्यात पडेल ते बाबांच्या कॉम्प्युटरवरही दिसतंच, आपण तेव्हा सांगितलं होतं की.

मालतीबाईंनी फोन ठेवला. टॉवेल आठवला, टीव्ही आठवला. भिंत आठवली तेव्हा कानशिलं तापली.

हॉलमध्ये नंदकुमार पाठमोरे बसले होते. मालतीबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते दचकून वळले आणि हेडफोन काढला. त्यातून बारीक आवाजात मालतीबाईच बोलत होत्या.

"सगळं ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

नंदकुमार त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, अंदाजाने लावलेला शब्द बरोबर आहे ना याची खात्री करावी तसे. मग म्हणाले, बंगळुरूला कानाचा चांगला डॉक्टर आहे म्हणतात, तिथं दाखवावं असं मनात आहे. म्हणून आपलंही तिकीट काढलं. वर्ष झालं. समोरचं माणूस बोलतं ते नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. सांगायची लाज वाटली.

मालतीबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. तलावाकाठचं सगळं बोलणं पाण्यात गेलं होतं तर. डोळे पुसून, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "मग मी डब्यात तुमच्या एवढ्या तक्रारी करत होते, तेव्हा तरी मला थांबवायचं होतं."

"कसं थांबवणार?" नंदकुमार म्हणाले. "तक्रारी होत्या, पण ऐकू येत होत्या."