बोलावल्याशिवाय

परातीत भिवापुरी मिरच्या काढून ठेवल्या होत्या. त्या भाजीसाठी नव्हत्या. सकाळी मांत्रिक येणार होता आणि सुनेच्या तोंडाशी त्यांची धुरी द्यायची होती.

“डॉक्टर झाले, सुया झाल्या,” बायजाबाई म्हणाल्या. “लेकरू गेलं तवापासून पोरीनं तोंड नाही उघडलं. मले काय हौस आहे का जी?”

दादाजी रामटेके दारातच उभे राहिले. इंदोऱ्याच्या बुद्धविहारात ते अंधश्रद्धेवर बोलत. बोलत म्हणजे वाचून दाखवत. समोर माणसं बसली की त्यांना स्वतःचं काही सुचत नसे. आजही भूत नसतं हे पटवून देणारी एक पुस्तिका त्यांनी पिशवीत आणली होती. तिचा उपयोग होईल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

कोपऱ्यात सून प्रेमिला भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुपारची कामं आटोपून शेजारणी दाराशी जमल्या होत्या.

“वाचा जी,” बायजाबाई म्हणाल्या. “वाचून काही होते तं पाहू. नाही तं सकाळी आहेच.”

दादाजींनी चष्मा लावला. पिशवीत हात घालून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि मान खाली घालून सुरुवात केली.

“‘दिवस मावळला. तिने खिडकी उघडली. बाहेर धुक्यात तो उभा होता. त्याला मरून शंभर वर्षे झाली होती, पण त्याच्या ओठांवरचे रक्त अजून...’”

ते थांबले. त्यांचे कान तापले.

कव्हरं दोन्ही पुस्तकांना सारखीच होती. हे दुसरं पुस्तक त्यांनी महाल भागातल्या वाचनालयातून आणलं होतं. तिकडे त्यांना कोणी ओळखत नसे. रक्त पिणारा देखणा सरदार आणि त्याच्यावर जीव जडलेली डॉक्टरची मुलगी. असली पुस्तकं ते कित्येक वर्षं वाचत होते आणि दर वेळी हे शेवटचं असं ठरवत होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा त्यांनी आपल्या हातांनी उचलून बाहेर नेला होता. आणि आता या वयात एका मेलेल्या माणसाचं लग्न जमतं की नाही, या काळजीत ते जेवण विसरत.

“काहून जी दादाजी?” शेजारची अंजनाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. “आम्हाले सांगता भूत नसते, अन् सोता थैलीत घेऊन फिरता?”

बायका हसल्या. बायजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी परात जवळ ओढली.

लोक कसला कचरा वाचतात ते दाखवायला आणलं, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य दादाजींच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी मान वर केली. प्रेमिलाचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं. ती पुस्तकाकडे बघत होती.

“माझंच आहे,” दादाजी म्हणाले. “भूत नसतेच. पण मले ह्या गोष्टी आवडतात.”

आता मात्र सगळ्याच हसल्या. अंजनाबाईने तर कपाळावर हात मारला. रविवारी विहारात आपल्यासमोर कोण बसणार, असं दादाजींच्या मनात आलं. मग ते जमिनीवर बसले, सुटलेली ओळ बोटाने शोधली आणि पुढे वाचू लागले.

त्यांनी सरदाराचा काळा झगा वाचला, ओसाड बंगला वाचला, त्या मुलीची धडधड वाचली. हसणं विरत गेलं. अंजनाबाई उंबऱ्यावर टेकली. “अगं सरक नं बाई, मले ऐकू येऊ दे,” मागून कोणीतरी म्हणालं.

“‘मला आत येता येत नाही,’ तो म्हणाला. ‘आतल्या माणसाने ये म्हटल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नाही. तू म्हणेपर्यंत मी इथेच उभा राहीन.’ तिचे ओठ हलले. पण शब्द फुटेना.”

पान संपलं. दादाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बायजाबाईंचा हात मिरच्यांवर तसाच राहिला होता.

कोपऱ्यातून आवाज आला. घोगरा, कधीचा न वापरलेला.

“म्हण ना वं,” प्रेमिला त्या पुस्तकातल्या पोरीला म्हणाली. “ये म्हण त्याले.”