सुईनं आलेला देव

नर्सबाईनं सिकलसेलच्या तपासणीसाठी मासू पुजाऱ्याच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब वर आला आणि मासू बाकावरून खाली कोसळला. "देव आला," रांगेतल्या बायांनी हात जोडले. पेरणीच्या सणाला कोंबडा कापताना तो असाच पडायचा, उठून पावसाचं सांगायचा आणि त्यावर गाव धान पेरायचं. त्याच्या बायकोच्या, सोमारीच्या, मनात पाल चुकचुकली: ना ढोल, ना कोंबडा, मग देव आला कुठून? नर्सबाईनं त्याचे पाय उचलून पोत्यावर ठेवले. "घाबरू नको, बाई. रक्त पाहून काही लोकायचा मेंदू बिचकते, हृदयाले हळू करते, मंग डोक्यात रक्त पोचत नाई." मासूनं डोळे उघडले. बाया पुढं सरकल्या. "यंदा पाऊस कसा हाये, भाऊ?" त्यानं तोंड उघडलं, तशी सोमारी कानाशी वाकली. "आजवर कोन सांगत होतं, देव का तू?"