धबधब्यातला आवाज

जिरीसानच्या डोंगरात सोहवा कित्येक वर्षं धबधब्यासमोर उभी राहून गात होती. तुझा आवाज पाण्याच्या वर चढला की गाणं आलं असं समज, असं तिला गाणं शिकवणाऱ्या पिल्सुनबाई म्हणत. तो कधी चढला नाही. घसा मात्र फुटायचा.

शेवटी बोचकं बांधून ती बाईंचा निरोप घ्यायला गेली. बाई ओसरीवर मुळे चिरत होत्या.

"चढला की गं आज तुझा आवाज. इथे बसून ऐकला मी."

"बाई, मी आज वर गेलेच नाही. सामान बांधत होते."

"तुझा आवाज मी ओळखत नाही होय? जा, परत गा. आलेच मी ढोल घेऊन."

सोहवा गोंधळून वर गेली. कातळावर कोणी नव्हतं, तरी पाण्यातून गाणं येत होतं. आवाज तिचाच होता, पण पिकलेला, खरखरीत. तिला कधी न जमलेली जागा तो सहज घेत होता. ती भीत भीत त्याच्यामागून म्हणू लागली. तो एक ओळ म्हणे, मग ती. हळूहळू तिचाही आवाज पाण्यावर चढला. तिला रडू आलं, ते कशाचं तेही कळेना.

मग आवाजाने तिरडीचं गाणं धरलं. त्यात मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. त्याने पिल्सुनबाईंचं नाव घेतलं आणि तिच्यासाठी थांबला.

मागे ढोलावर थाप पडली. बाई धापा टाकत वर आल्या होत्या, चेहरा आनंदाने फुललेला.

"थांबलीस का गं? म्हण ना पुढची ओळ."