पांढरा गणवेश

"साहेब, आमचं धरण फुटणार का?"

मैत्रिणींनी पैज लावली, मग मी काय गप्प बसते? धरणाच्या पाहणीला दोन दिवसांसाठी आलेले इंजिनिअर साहेब शाळेत आले, तेव्हा विचारलंच.

"मातीचा बांध झिरपतोच. खालच्या ओहोळात पाणी नितळ येतंय तोवर काळजी नको. गढूळ आलं, की समजायचं, बांध आतून पोखरला जातोय."

"आपलं नितळ आहे, साहेब," त्यांच्यासोबत आलेले धरणाचे चौकीदार म्हणाले. म्हणजे माझे बाबा. माझी कॉलर ताठ.

घरी आई धुणं घेऊन विहिरीकडे निघालेली.

"आज ओहोळावर नाही?"

"तिथे हल्ली गढूळ येतं गं. तुझा पांढरा गणवेश मळतो."

"हळू बोल," बाबा पुटपुटले. "साहेबांना कळलं, तर धरण रिकामं करतील, माझी नोकरी जाईल."



"आई, गणवेश दे. ओहोळावर मीच धुणार, आणि बाबा, उद्या साहेबांसमोर तोच घालून उभी राहणार."