हातांविना फुगडी

"सूनबाई, दार उघड. बाहेर येऊ नकोस, नुसतं उघड." मंगळागौरीची पूजा आटोपून मी मागच्या अंगणात उभी होते.

शलाका कोविड वॉर्डात नर्स. घरी आली की मागच्या खोलीत वेगळी राहायची. कालपासून ताटाला हातही लावला नव्हता. फोनवर एवढंच म्हणाली, "आई, मला आता तिथे जाववत नाही हो."

दार उघडलं. मास्कवरचे डोळे सुजलेले होते.

"माझा नेम मोडतोय गं. लग्न झाल्यापासून श्रावणी मंगळवारची फुगडी चुकली नाही. यंदा एकही बाई दारात आली नाही."

"मला शिवू नका, आई. हात कसा देऊ?"

"बसफुगडीला हात कशाला लागतात?" मी पदर खोचला, उकिडवी बसले आणि बेडकीसारखी उड्या मारू लागले. "बघतेस काय? एकटीची फुगडी देवीला पोचत नाही!"

ती उंबऱ्याआड बसली. एक उडी मारली, मग दुसरी. तिनं वेग वाढवला, मीही वाढवला, आणि तुळशीशेजारी धपकन उताणी पडले.

ती धावली, उंबऱ्यावरच थबकली. "पाय हलवा! दोन्ही हलवा!"

मी दोन्ही पाय आभाळाकडे करून हलवले.

तिला असं हसू फुटलं की कौलावरचा कावळा उडाला. "पडू नका हो आई, आमच्याकडे एकही बेड शिल्लक नाही!" हसता हसता ती रडली, रडता रडता पुन्हा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुरण वाढा. दुपारी ड्यूटी आहे."

"वाढते गं बाई," मी जमिनीवरूनच म्हणाले, "आधी मला उठता तर येऊ दे."